मुलींचा संध्याकाळचा वर्ग: आधी माणसं ठरवा, मग जागा

वर्ग सुरू करायचाय म्हणून भेटायला येणारे लोक पहिला प्रश्न जागेचा विचारतात. त्यानंतर पुस्तकं, फळा, टॅब, खाऊ, देणगीदार. माणसांचा विषय निघतो तो उठता उठता, "स्वयंसेवक मिळतात ना हो?" एवढाच. मी त्यांना दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायला सांगते. जागा समाजमंदिरात मिळेल, बालवाडीची खोली दुपारनंतर रिकामीच असते, फळा तर कुणीही देतं. पण ठरल्या वेळी कुलूप उघडणारी एक, अंधार पडल्यावर मुलींना घरापर्यंत सोडणारी एक, आणि "ताई, एक सांगू?" असं मुलगी जिला म्हणेल अशी एक, ही कामं कोण करणार ते पक्कं झाल्याशिवाय नारळ फोडू नये.

मी ठाण्यात सावरकर नगरला राहते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेब लिहायचे. तो बंद झाला. इस्टेटमधले असे कितीतरी बंद झाले आणि त्या जागांवर आयटीच्या काचेच्या इमारती आल्या. कारखान्यांच्या आधाराने वसलेल्या वस्त्या मात्र आहेत तिथेच आहेत: किसन नगर, अंबिका नगर, लोकमान्य नगरचे पाडे, येऊरच्या डोंगराकडे पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या चाळी. या घरांतल्या अनेक आया सकाळी घरकामाला बाहेर पडतात त्या संध्याकाळी परततात. मुलगी शाळेतून येते तेव्हा घरात खरकटी भांडी, रिकामे हंडे आणि धाकटा भाऊ असतो. आमचा वर्ग या मुलींचा, पाचवी ते दहावीच्या. जे लिहितेय ते इथल्या अनुभवावरून. कळव्याला, मुंब्र्याला, दिघ्याला किंवा तुर्भे स्टोअरला थोड्या फरकाने तेच लागू पडेल.

आधी वस्तीचं घड्याळ बघा

माणसं शोधण्यापूर्वी आठवडाभर वही घेऊन वस्तीत नुसतं फिरा. नळाला पाणी किती वाजता येतं, आया कामावरून कधी परततात, कोणत्या शाळेची कोणती पाळी, सार्वजनिक शौचालयाजवळ दिवा आहे का, हे सगळं लिहा. आपल्याकडे बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळच्या पाळीची मुलगी एक वाजता घरी असते, दुपारच्या पाळीची सहा-साडेसहाला. म्हणून एकच तुकडी सगळ्यांना पुरत नाही. आम्ही सकाळच्या पाळीच्या मुलींसाठी तीन ते साडेचार आणि दुपारच्या पाळीच्या मुलींसाठी पावणेसात ते आठ अशी वेळ ठेवली. पाणी आणि वर्ग एकाच वेळी आले तर मुलगी पाण्याला जाणार, आणि तिने जायलाच हवं. हंडा भरला नाही तर रात्री चूल पेटणार नाही. वेळ आपण बदलायची.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डीचं आणि पुढे कोसबाडचं बालशिक्षणाचं काम झालं तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ साली. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्या दोघींनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात. आमच्या मुलींचं कुरण म्हणजे नळ आणि कडेवरचं भावंड. त्यामुळे पहिल्या दिवसापासून एक नियम करून टाका: धाकट्याला बरोबर आणलं तरी चालेल. त्या एका नियमाने ज्या मुली येतात त्या दुसऱ्या कशानेही येत नाहीत. मात्र त्या धाकट्यांकडे बघायला माणूस लागतं, आणि इथून खरं काम सुरू होतं.

किल्ली कुणाकडे

वर्गाची किल्ली जिच्याकडे असते तिला आमच्याकडे सगळ्या मावशी म्हणतात. ती शिकलेली असायची गरज नाही. ती त्याच वस्तीत राहणारी हवी, तिच्या दाराशी बायकांची ये-जा हवी, आणि इकडचं तिकडे न करणारी हवी. सभेत पुढे बसून मोठ्याने बोलणारी बाई हमखास तुमच्या नजरेत भरेल. तिला कामं खूप देता येतील, पण किल्ली देऊ नका. योग्य बाई शोधायची माझी एक रीत आहे. वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या बायकांना विचारायचं, "तुम्हाला आत्ता अचानक कळव्याच्या हॉस्पिटलात जावं लागलं, तर मूल कुणाकडे ठेवाल?" बहीण, सासू, जाऊ अशी उत्तरं येतात, ती सोडून द्यायची. नात्याबाहेरचं जे एक नाव पुन्हा पुन्हा येतं, तिच्याकडे जाऊन बसायचं. घाई न करता चहा घ्यायचा आणि काम समजावून सांगायचं.

तिला पगार द्या. या मुद्द्यावर मी कुणाशी तडजोड करत नाही. पुण्यकर्म आहे, समाजसेवा आहे, मुलींसाठी आहे असं म्हणून वस्तीतल्या बाईला फुकट राबवणं हा अन्याय आहे, आणि बहुतेक वेळा तो अन्याय करणाऱ्यांना स्वतःचा पगार महिन्याच्या महिन्याला मिळत असतो. ती संध्याकाळचं एक घरकाम सोडून तुमच्याकडे येणार. त्या घरी तिला जे मिळत होतं त्याहून कमी देऊ नका. पगार तिच्या बँक खात्यात, महिन्याच्या एक तारखेला, देणगी आली असो वा नसो. आठवड्याची सुट्टी, सणाची सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा हे कागदावर लिहून, वाचून दाखवून, एक प्रत तिला द्या. किमान सहा महिन्यांचे पगार बाजूला काढून ठेवल्याशिवाय वर्ग उघडू नका. टॅब नंतर घ्या.

तिचं सगळ्यात मोलाचं काम फळ्याजवळचं नाहीच. मुलगी लागोपाठ दोन दिवस आली नाही की तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी तिच्या घरी जाते. "का आली नाहीस?" असं विचारायचं नाही, त्यावर "डोकं दुखत होतं" हेच उत्तर मिळतं. "बरी आहेस ना? तुझी आठवण काढली," एवढं म्हणायचं आणि आईशी दोन शब्द बोलायचे. मग कळतं. पाळी आली आणि घरात पॅड नाही. आईला दुसरं घरकाम मिळालं आणि भावाला बघायला कोणी नाही. गावाला लग्न आहे. वडील महिनाभर घरीच बसून आहेत. आणि कधी कधी, स्थळ बघायला पाहुणे येणार आहेत. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचं वय १८ पूर्ण हवं, हे मावशीला पाठ असतं, पण ती तिथे कायदा सांगत बसत नाही. ती मला त्याच दुपारी फोन करते. आधी आम्ही आईशी, मग वडिलांशी, मग मुलीच्या शाळेतल्या बाईंना घेऊन पुन्हा वडिलांशी बोलतो. साखरपुड्याची तारीख ठरल्याचं कळलं तर बोलणी बंद आणि १०९८ ला फोन. हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, मुलींच्या उंचीवर.

घरी सोडायचं काम याच बाईचं असू शकतं, पण आठ वाजता सुटणाऱ्या तुकडीसाठी दोघी लागतात. डोंगराच्या बाजूची गल्ली आणि रस्त्याच्या बाजूची गल्ली अशी वाटणी करा. मुलीला गल्लीच्या तोंडाशी सोडून परत फिरायचं नाही. घरातून कुणीतरी "आली गं" म्हणेपर्यंत उभं राहायचं. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात आणि वीज जाते, तेव्हा चांगल्या बॅटऱ्या द्या, मोबाइलच्या उजेडावर भागवू नका. वर्गाच्या खोलीला स्वच्छतागृह नसेल तर जवळच्या सार्वजनिक शौचालयापर्यंतही मुलगी एकटी जाणार नाही. पॅडचा डबा मावशीच्या ताब्यात, आणि तो मागायला लागू नये म्हणून उघड्या कपाटात.

ताई

शिकवणारी ताई शक्यतो त्याच वस्तीतली, बारावी झालेली किंवा कॉलेजात जाणारी निवडा. बी.एड. झालेली बाहेरची शिक्षिका मिळाली तर तिचा उपयोग ताईंना तयार करण्यासाठी करा. याचं कारण साधं आहे. पाचवीतल्या मुलीला समोर जी दिसते ती व्हायचं असतं, आणि आपल्याच गल्लीतली, आपल्यासारखंच पाणी भरून आलेली, हातात पुस्तक धरलेली मुलगी रोज दिसणं हा निम्मा अभ्यासक्रम आहे. शिवाय ताईला घरं माहीत असतात. गृहपाठ झाला नाही म्हणजे काल रात्री त्या घरात काय झालं असेल, हे तिला न विचारता कळतं.

ताई मिळवताना तुमची स्पर्धा मॉलशी आहे, हे ध्यानात ठेवा. कपड्यांच्या दुकानात उभं राहिलं तर तिला ठरलेला पगार मिळतो, गणवेश मिळतो, घरात किंमत मिळते. तुमच्याकडचं काम दिवसातून तीन-चार तासांचं, पण त्याचा तासाचा दर मॉलपेक्षा कमी ठेवू नका. आणि तिला एकटीला भेटून काम ठरवू नका. तिच्या घरी जा. आईला, वडिलांना, असलाच तर भावालाही सांगा की काम काय आहे, कुठे आहे, किती वाजता संपतं, घरी कोण सोडतं. ज्या घरात हे बोलणं नीट झालं तिथून "उद्यापासून येणार नाही" असा निरोप सहसा येत नाही. तिच्या परीक्षांच्या तारखा आपल्या कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवसांत तिला बिनबोभाट सुट्टी द्या. मुलींनी शिकावं म्हणून चाललेल्या वर्गामुळे ताईचा एखादा पेपर बुडाला तर त्या वर्गाला अर्थ नाही.

पहिले दोन आठवडे तिने शिकवायचं नाही, मुलींच्या रांगेत बसून बघायचं. मग एकेक गोष्ट द्यायची. रोज मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं हे पहिलं काम. त्याने तिची स्वतःची भीड जाते. वाचणाऱ्या मुलीला मध्येच टोकायचं नाही. गणितात हातचा घेताना कुठे गडबड होते ते मुलीकडूनच बोलून घ्यायचं: "तू कसं केलंस ते सांग." आठवीतली मुलगी भागाकारात अडकली असेल तर तिला पाचवीच्या मुलींसमोर पाचवीचं पुस्तक द्यायचं नाही, वेगळी वही द्यायची. मारायचं नाही, बहिणीशी तुलना करायची नाही, कुणाचं आडनाव विचारून गप्प व्हायचं नाही. एका ताईकडे बारा ते पंधरा मुली, त्याहून जास्त नको. आणि रोज घरी जाण्यापूर्वी वहीत तीन मुलींबद्दल एकेक ओळ लिहायची. पाच दिवसांत सगळ्यांची पाळी येते. ती वही परीक्षेच्या गुणांपेक्षा जास्त सांगते. "आज खिडकीजवळ बसली, बोलली नाही" अशी ओळ एकाच मुलीपुढे लागोपाठ तीन आठवडे आली, तर तिकडे लक्ष द्यायला हवं हे आपोआप दिसतं.

दर मुलीला किमान दोन ताया ओळखत असल्या पाहिजेत, अशी वाटणी करा. ताईचं लग्न होईल, नोकरी लागेल, आजारी पडेल. ३ जानेवारीला आपण सगळे सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा सुरू झाली हे मुलींना सांगतो. मी दर वर्षी त्या दिवशी मुलींना आणखी दोन-तीन नावं सांगते: जोतीरावांना सांभाळून वाढवणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर, घर सोडावं लागल्यावर फुले दांपत्याला आपल्या घरात जागा देणारे उस्मान शेख, आणि सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा शेख. १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं, आणि त्यात त्यांना काळजी होती ती आपण नसताना फातिमावर पडणाऱ्या कामाच्या भाराची. फातिमा कुरकुर करणार नाही याची त्यांना खात्रीही होती. शाळा चालू राहायची तर एक आजारी असताना दुसरी उभी लागते. पत्रातला तो भाग मी नव्या ताईंना आवर्जून सांगते.

टॉवरमधून येणारे

घोडबंदर रोडवरून, हिरानंदानीतून, पाचपाखाडीतून चांगली माणसं येतात. मनापासून येतात. त्यांना काम नीट वाटून दिलं नाही तर दोन्ही बाजूंचं नुकसान होतं, म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला. आठवड्यातला एक ठरलेला वार, ठरलेला तास, निदान सहा महिने. जमणार नसेल तर हरकत नाही, मग वर्गात नको. पुस्तकांना कव्हर घाला, हिशेब तपासा, फॉर्म भरायला मे महिन्यात या. एकदा येऊन मुलींना मिठी मारून परत न दिसणारी माणसं मुलींच्या आयुष्यात आधीच पुष्कळ आहेत.

त्यांना द्यायचं काम म्हणजे नववी-दहावीचं गणित, विज्ञान आणि इंग्रजी बोलण्याचा सराव. ताईंना बहुधा इथेच आधार लागतो. मोबाइलवर मुलींचे फोटो काढायचे नाहीत, मुलींचे नंबर घ्यायचे नाहीत, "मी तुझी फी भरीन" असं परस्पर सांगायचं नाही. स्वतःच्या मुलाचा वाढदिवस वर्गात केक कापून साजरा करायला मी परवानगी देत नाही. खाऊ द्यायचा असेल तर मावशीकडे पैसे द्या. ती चुरमुरे, शेंगदाणे, केळी आणते आणि सगळ्यांना रोज सारखं मिळतं.

पुरुष स्वयंसेवक चालतात का, असं नेहमी विचारतात. चालतात, आणि वडिलांखेरीज एक समजूतदार पुरुष मुलींना दिसणं चांगलंही आहे. पण नियम बाईला आणि पुरुषाला सारखेच. कोणताही मोठा माणूस एका मुलीबरोबर बंद खोलीत एकटा बसणार नाही. दार उघडं, आणि दुसरी मोठी व्यक्ती दिसेल इतक्या अंतरावर. प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, मग तो कितीही ओळखीचा असो. ओळखीचा आहे म्हणून सोडा, असं कुणी म्हणालं तर त्याचीच आधी करा.

आणि जे कुणालाच ऐकायला नको असतं ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगा. मुलीवर लैंगिक अत्याचार होतोय किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. "घरातलं प्रकरण आहे, समजुतीने घेऊ" हा पर्याय कायद्याने ठेवलेला नाही. मुलीला पुन्हा पुन्हा तपशील विचारायचे नाहीत. ती जे सांगेल ते ऐकायचं, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, तिचेच शब्द लिहून ठेवायचे आणि जबाबदार व्यक्तीने लगेच कळवायचं. ती जबाबदार व्यक्ती कोण, ती गावाला गेली तर दुसरी कोण, ही दोन नावं कागदावर आधीच असू द्या. मुलीचं नाव कुठेही फुटू द्यायचं नाही. वर्गातल्या दुसऱ्या ताईलासुद्धा गरजेपुरतंच सांगायचं.

घरचे, आणि नाक्यावरची मुलं

आयांची सभा बोलावली की निम्म्या येत नाहीत, कारण सभा आपल्या सोयीच्या वेळेला असते. रविवारी दुपारी घ्या. संक्रांतीनंतर वस्तीत हळदीकुंकवं सुरू असतात. तेव्हा सभा घेतली तर गर्दी होते, पण हळदीकुंकू म्हटलं की विधवा आई दारातून परत जाते आणि मुसलमान आई येतच नाही. आम्ही त्या दिवसांत नुसता तिळगूळ ठेवतो आणि सगळ्यांना देतो. सभेत भाषण नको. मुलींनी आयांना वाचून दाखवावं. स्वतःच्या मुलीला एक पानभर न अडखळता वाचताना ऐकलेली आई पुढच्या वेळी तिला भांड्यांसाठी घरी ठेवताना विचार करते.

वडील वेगळे भेटावे लागतात, रात्री नऊनंतर, घरी. तक्रार घेऊन जाऊ नका. "तुमच्या मुलीचं अक्षर बघा" म्हणून वही घेऊन जा. पहिली भेट चांगल्या बातमीसाठी झालेली असली की दुसरी, अवघड भेट शक्य होते.

वर्ग सुरू झाला की नाक्यावरची मुलं थोडी जास्त वेळ नाक्यावर दिसू लागतात. त्यांच्यावर खेकसून उपयोग नाही. त्यांच्या मंडळाच्या मोठ्या मुलांशी आधीच बोलून ठेवा. दहीहंडीला आणि नवरात्रात हीच मुलं रात्रभर राबतात, वस्तीतली सगळी त्यांचं ऐकतात. "आठ वाजता मुली या गल्लीतून जातात, तेवढी गल्ली मोकळी राहू दे," असं त्यांना काम म्हणून सांगितलं तर ती ते काम पार पाडतात. त्यातल्या कुणाची तरी बहीण वर्गात असतेच. छेडछाड मात्र एकदा झाली तरी सोडायची नाही. मंडळाकडेही जायचं आणि पोलीस ठाण्यातही.

समाजमंदिराची जागा मिळवताना स्थानिक कार्यकर्त्यांशी संबंध येतो. नम्र राहा, परवानगी लेखी घ्या, आणि भिंतीवर कुठल्याही पक्षाचा बॅनर लावणार नाही हे पहिल्या दिवशी सांगा. सगळ्यांना सारखंच सांगितलंत तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

फॉर्मवाली

हिच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. दहावी पास झालेल्या मुली आमच्याकडे सर्वांत जास्त गळतात त्या निकालानंतरच्या दीड महिन्यात. मार्क कमी असतात म्हणून गळत नाहीत, फॉर्ममुळे गळतात. अकरावीचा प्रवेश ऑनलाइन. नोंदणी, पहिला भाग, दुसरा भाग, कॉलेजांचे पसंतीक्रम, फेऱ्या. ओटीपी येतो वडिलांच्या मोबाइलवर आणि वडील कामावर, फोन उचलत नाहीत. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव यात एका अक्षराचा फरक. जातीचा दाखला गावाकडच्या पुराव्यावर अडलेला. उत्पन्नाचा दाखला काढलाच नाही. यादीत नाव लागल्यावर कॉलेजात जाऊन प्रवेश निश्चित करायचा असतो, तो दिवस निघून जातो. मग मुलगी घरी बसते, "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात, आणि पुढच्या वर्षी स्थळ आलेलं असतं.

म्हणून एक व्यक्ती फक्त या कामासाठी ठेवा. बँकेतून किंवा शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेली बाई असेल तर उत्तम. ज्यांना कागद वाचायची सवय आहे, ज्या चिडत नाहीत. तिने मुलगी नववीत असतानाच फाइल उघडायची. आधार, जन्माचा दाखला, शाळेच्या नोंदीतलं नाव, बँक खातं, जातीचा दाखला लागत असेल तर त्याची तयारी. नावातल्या चुका दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी दुरुस्त करायच्या, नंतर फार दगदग होते. शक्य तिथे नोंदणी आईच्या मोबाइलवर करायची, आणि तो नंबर बदलायचा नाही असं आईला बजावायचं. पसंतीक्रम भरताना वरचं कॉलेज एवढंच बघू नका; लोकमान्य नगरहून टीएमटीच्या एका बसने जाता येतं का, सुटतं किती वाजता, हेही बघा. दोन वाहनं बदलून जायचं कॉलेज ऑगस्टच्या पावसात सुटतं. अकरावी नको असेल तर वागळे इस्टेटची आयटीआय दाखवून आणा, नुसतं सांगू नका.

शाळा मध्येच सुटलेल्या मुलींसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. खाजगी विद्यार्थिनी म्हणून दहावी-बारावीला बसता येतं. त्याच्या तारखा शाळांमधून विचारून घ्यायचं काम हिचंच. लग्न होऊन गेलेल्या एका मुलीने हा फॉर्म भरून, मूल मावशीकडे ठेवून आमच्या वर्गात अभ्यास केला आणि दहावी झाली. तिच्यासाठी दुपारच्या तुकडीत एक कोपरा रिकामा ठेवला होता.

शाळेतल्या बाई

मुलींच्या शाळांमधल्या एखाद्या तरी बाईंशी ओळख हवी. वर्ग शाळेची उणीव भरून काढतो, असं तिथे जाऊन बोलू नका. साठ-साठ मुलांचा पट सांभाळणाऱ्या बाईंना ते लागतं, आणि लागणं बरोबर आहे. "तुमची ही मुलगी आमच्याकडे येते, तिला कशात मदत करू?" असं विचारा. बाकी त्या स्वतःहून सांगतात.

पैसे सांभाळणारी

हे माझं स्वतःचं काम, त्यामुळे थोडक्यात पण ठासून. देणगी कुणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, पहिल्या रुपयापासून. नोंदणी होईपर्यंत एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम करता येतं. संस्था करायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंद होते. त्या सात जणींत मावशींना घेऊ का, असं मला विचारतात. सभासद पगारी असण्याबद्दल सल्लागाराला विचारून घ्या, पण वस्तीतली एक तरी आई त्या सातांत असलीच पाहिजे. तिच्या सहीशिवाय वस्तीबद्दलचे ठराव होऊ नयेत. बँकेत दोन सह्या. रोजची किर्द, प्रत्येक खर्चाला व्हाउचर, केळ्यांच्या डझनालासुद्धा. भाजीवाली बिल देत नाही, तर मावशी व्हाउचरवर सही करते आणि ताई दुसरी. दर तीन महिन्यांनी जमाखर्च मोठ्या कागदावर मराठीत लिहून वर्गाच्या दारावर लावा. पहिल्यांदा कागद लागला तेव्हा आया थांबून वाचत होत्या, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मुली वाचून दाखवत होत्या. त्यानंतर दर महिन्याला दहा-वीस रुपये स्वतःहून आणून देणाऱ्या आया आहेत. आम्ही त्यांनाही पावती देतो.

सुरुवातीचा क्रम

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्यामुळे वस्तीत फिरणं फेब्रुवारीत, मावशी मार्चमध्ये, ताई एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर. मेमध्ये बरीच घरं गावाला जातात. तेव्हा पडताळणी, नियमांचे कागद आणि ताईंची तयारी उरकून घ्या. जागेचा करार मेअखेरीस केला तरी चालतो. पहिल्या महिन्यात पंधरापेक्षा जास्त मुली घेऊ नका, बाहेर रांग लागली तरी. नाव लिहून ठेवा आणि कधी बोलावणार ते सांगा. जुलैत जोराचा पाऊस सुरू झाला की कोण येतं, कोण भिजत येतं, कुणाच्या घरात पाणी शिरतं ते कळेल. दुसरी ताई त्याआधी रुजू झालेली हवी. आणि किल्लीची दुसरी प्रत करून ती दुसऱ्या गल्लीतल्या बाईकडे ठेवा, तिचंही नाव दारावरच्या कागदावर लिहा.